वाळूशिवाय पाच हजार हॉर्सपॉवर

२ नोव्हेंबर
आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही.
आमचं रेल्वेचं डिझेल इंजिन, पाच हजार हॉर्सपॉवर. असं करता येतं हे दाखवायला एकच बांधलंय. डिझाइन माझं. वीस तारखेला रेल्वे बोर्डाच्या साहेबांसमोर चाचणी: चाळीस भरलेले डबे, उभा चढ. पास झालं तर पन्नास इंजिनांची ऑर्डर. नाही झालं तर आमचा विभाग बंद, साठ माणसं घरी. नाही होण्याचा प्रश्नच येत नाही.
चालवणार आमचा दादा. छत्तीस वर्षं ड्रायव्हर, चढावर अडकून दुसरं इंजिन मागवलं असं एकदाही नाही. महिनाअखेर रिटायर होतोय. शेवट झोकात व्हावा म्हणून मीच त्याचं नाव घातलं. भावासाठी एवढं करायलाच हवं.

५ नोव्हेंबर
वजन सव्वा टन जास्त भरलं. वाळूच्या पेट्या काढायला लावल्या. चाक घसरलं की पकड यावी म्हणून रुळावर वाळू सोडायची, ही आजोबांच्या काळातली पद्धत. आपल्याकडे कॉम्प्युटर आहे.

९ नोव्हेंबर
हेड फिटर म्हणाला, पेट्या परत लावू या. त्याला तासभर समजावलं. पाना उचलून कामाला लागला. पटलेलं दिसतंय.
संध्याकाळी दादाचंही तेच. सकाळच्या दवात रूळ साबणासारखे होतात, म्हणे. मी हसलो. तो हसला नाही. मी अगदी शांत राहिलो. एक कप फुटला फक्त.
संकल्प: उद्यापासून चिडायचं नाही.

१३ नोव्हेंबर
छोटी चाचणी. सपाट रूळ, भर दुपार, आठ डबे. काय धावलं! दादा एवढंच म्हणाला की ऊन होतं. सख्ख्या भावाचं कौतुक करताना याची जीभ अडते.
चिडलो. संकल्प परवापासून.

१८ नोव्हेंबर
पहाटे तीनला उठून सगळे आकडे पुन्हा तपासले. चहा जास्त झाला असावा.
दादा फिटरला घेऊन आला. चार तासांत पेट्या बसतील, म्हणाला. मी म्हटलं, भीती वाटत असेल तर दुसरा ड्रायव्हर बघतो. सगळ्यांसमोर म्हटलं. त्याने टोपी घातली आणि निघून गेला. बरं झालं, विषय संपला.

२० नोव्हेंबर, सकाळी ६.१०
दव आहे. थोडंच. पाय घसरला, पण बूट जुने आहेत.

६.५५
चढ सुरू. केबिनमध्ये दादा, मी आणि साहेब. वेग उत्तम.

७.०२
वेग कमी. दादाने मुद्दाम केला असेल.

७.०४
चाकं जागच्या जागी फिरताहेत. कॉम्प्युटर पॉवर कमी करतो, मग गाडी हलत नाही. पॉवर वाढवली की पुन्हा चाकं फिरतात. कॉम्प्युटरचं बरोबरच आहे. दादाचा हात सवयीने वाळूच्या बटणाकडे गेला. तिथे बटणच नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी घड्याळाकडे.

७.०९
उभे.

८.४०
मागून ढकलायला यार्डात डबे इकडून तिकडे हलवणारं म्हातारं शंटिंग इंजिन आलं. त्याला वाळूच्या पेट्या आहेत.

२१ नोव्हेंबर
रिपोर्ट लिहिला. कारण: चालकाने चढावर घाईने पॉवर वाढवली. अगदीच खोटं नाही. साठ घरांचा प्रश्न आहे. दादा तर रिटायरच होतोय, त्याला काय फरक पडतो?
संकल्प: बोर्डाला देण्याआधी त्याला स्वतः भेटून नीट समजावायचं. आज नको. जेवण गेलं नाही.

२४ नोव्हेंबर
आज भेटलो. समजावायची गरजच पडली नाही. दादाने परवाच बोर्डाला लिहून दिलं होतं: इंजिनात दोष नाही, चूक माझी. विभाग वाचला. दुसरी चाचणी मंजूर, पेट्या लावून, दुसऱ्या ड्रायव्हरसह. साहेबांनी माझं अभिनंदन केलं.
माझा रिपोर्ट फाडून टाकला. म्हणजे मी काही लिहिलंच नव्हतं. तरी लाज वाटतेय.
दुपारी वहिनींचा फोन. दादा चार दिवस धड जेवला नाही, कुणाशी बोलत नाही. विचारत होत्या, भावोजी, तुम्ही तिथेच होतात ना, ह्यांचं नक्की काय चुकलं हो?
मी म्हटलं, वहिनी, आवाज येत नाहीये. आणि फोन ठेवला.
आवाज स्वच्छ येत होता.