स्फटिक धरले, मोनिका

प्रिय मोनिका,

दोन वर्षांनी माझं अक्षर बघून तोंड वाकडं करशील. कर. पण पत्र फाडू नकोस बाई, आधी बातमी ऐक. काल आपल्या दम्याच्या औषधाचे स्फटिक धरले! पांढरेशुभ्र, साखरेसारखे मोकळे. आपल्या बॉयलरवरचे, करमाडचे कडुबामामा भांड्याच्या काचेला नाक लावून उभे होते. सोयाबीनपासून निघालेल्या मालावर सात पायऱ्या केल्या की दम्यावरचं स्टेरॉइड होतं, हे त्यांना अजून पटत नाही. सोयाबीन तेलापुरतं, उगं थापा मारू नको पोरी, म्हणतात.

शेवटच्या पायरीनं आपल्याला किती रडवलं, आठवतं ना? द्रावण अगदी हळूहळू गार करायचं. घाई केली की खाली नुसता चिकट डिंक. काल मी तुझ्या ड्रॉवरमधली बाटली काढली. छोट्या प्रयोगात तू धरलेले ते चिमूटभर स्फटिक, चिठ्ठीवर तुझंच अक्षर. दुधाला विरजण लावतात तसे त्यातले थोडे टाकले आणि दिवसभर जागची हलले नाही. रोजाही कारखान्यातच सोडला, मामांनी आणलेल्या खजुरावर. तुझी लई आठवण आली.

त्या रमजानमध्ये रोज संध्याकाळी तूच मला पिटाळायचीस, जा, बस चुकेल, मी आहे ना. माझ्या कामाखाली तुझी सही. अख्खी बॅच डिंक झाली त्या दिवशीही कागदावर तुझीच सही होती. सगळ्यांनी तुला बोल लावला आणि तू नोकरी सोडून नाशिकला निघून गेलीस.

मोनिका, त्या दिवशी गार पाण्याचा नळ मी एकदम पूर्ण उघडला होता. मुकुंदवाडीला अम्मी इफ्तारसाठी थांबली होती, बस गाठायची होती. निघताना नळ परत कमी केला आणि तुला सांगितलंच नाही. चौकशीत तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. मला लाज वाटते गं, रोज वाटते. आज सकाळी आपल्या मॅनेजरना, काकासाहेबांना, सगळं लिहून दिलं. माझं काय करायचं ते करोत. वाचून त्यांनी एवढंच विचारलं, मोनिका परत येईल का? ये गं. मला इथं ठेवलं, तर माझ्या कामाखाली मीच सही करीन. तू फक्त तपास, आणि चुकलं तर सगळ्यांसमोर झाप.

तुझीच,
आता जरा कमी घाबरट,
वहिदा