बाबांच्या दोन बंदुका

१४ सप्टेंबर, रविवार. डब्लिन, ओहायो

बाबांनी आज विषय काढलाच. पोहे अर्धे टाकून बेसमेंटमध्ये गेले, लोखंडी कपाटाची किल्ली घेऊन वर आले आणि माझ्या ताटाशेजारी ठेवली.

"बेटा, दोन्ही तू घेऊन जा. माझं डोकं जागेवर आहे तोवर."

दोन्ही म्हणजे दुनळी शॉटगन आणि पॉइंट टू-टू रायफल. निखिल समोरच बसला होता. एकुलत्या मुलाला सोडून सुनेला देतायत म्हणून त्याला लागलं असेल असं मला वाटलं. तसं काही नव्हतं. तो चहाचा कप खाली ठेवून एवढंच म्हणाला, "डॅड, नो."

डॉक्टरांनी सांगून महिना झाला. स्मृतिभ्रंश, सुरुवात आहे. सासूबाई गेल्यापासून बाबा या घरात एकटे. परवा शेजारच्या गजभिये काकांना शेगडी चालू सापडली. बंदुका इथे राहायच्या नाहीत यावर तिघांचं एकमत आहे. कुठे जायच्या, एवढंच भांडण.

१६ सप्टेंबर, मंगळवार. जर्सी सिटी

नि. विमानात बोलला नाही. घरी आल्यावर बोलला. अपार्टमेंट भाड्याचं, भिंती कागदाच्या, आणि त्याचं सगळं शाळकरी वय, वर्गात कुणी गोळीबार केला तर म्हणून, बाकाखाली लपायच्या ड्रिल करण्यात गेलं. "आय डोन्ट वॉन्ट देम व्हेअर आय स्लीप." चुकीचं काय आहे त्यात?

दहा वर्षांचा असताना बाबांनी त्याला एकदाच नेमबाजीच्या क्लबवर नेलं. दस्त्याचा धक्का बसून खांदा काळानिळा झाला. बाबा म्हणाले, परत मार. तो परत कधी गेला नाही.

मी गेले. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात सहज बोलून गेले की नागपूरला कॉलेजात एन.सी.सी.त रायफल चालवलीय. बाबा जेवता जेवता थांबले. पुढच्या रविवारी पहाटे दारावर टकटक. तेव्हापासून डब्लिनला गेलं की रविवार आमचा. बाकीचे लोक "पुल" ओरडतात, बाबा "सोड!" ओरडतात. बटण दाबणाऱ्याला बरोबर कळतं. नेमासाठीची मातीची ताटली हवेत उडते.

२० सप्टेंबर, शनिवार

मला वाटत होतं, गाडीच्या डिकीत घालायच्या आणि आणायच्या. चुकीचं. बाबा ओहायोचे, मी न्यू जर्सीची, म्हणजे हातातून हातात देताच येत नाही. घरातली असली तरी, भेट असली तरी. परवानाधारक दुकानदाराकडूनच. त्यांचा तिकडचा दुकानदार इकडच्या दुकानदाराला पाठवणार, इकडचा माझी पार्श्वभूमी तपासून मला देणार. आणि त्याआधी बंदूक घेण्यासाठीचं न्यू जर्सीचं ओळखपत्र, म्हणजे कार्ड, हवं, ते पोलिसांकडून. ग्रीन कार्ड आहे म्हणून निदान अर्ज तरी करता येतो. एच-वन व्हिसावर असते तर विषयच संपला असता.

एक सोपी वाटही कळली. मृत्युपत्रात लिहिलं तर हा राज्यांमधला द्राविडी प्राणायाम लागत नाही. नि. लगेच म्हणाला, "सो लेट हिम पुट इट इन द विल." दुपारी त्यानेच फोनवर बाबांना सांगितलं. स्पीकरवर होतं.

बाबा म्हणाले, "मेल्यावर देणं म्हणजे देणं नाही बेटा. ते मागे राहून जाणं झालं."

नि.ने फोन माझ्याकडे दिला आणि बाल्कनीत गेला.

२७ सप्टेंबर, शनिवार

अर्ज भरायला बसले. सगळं सरळ होतं. मग तो प्रश्न. मानसिक कारणासाठी कधी डॉक्टरकडे उपचार घेतलेत का?

घेतलेत. बाळ गेलं त्यानंतरचा हिवाळा. कौन्सेलर, थोडे दिवस गोळ्या. आईलाही सांगितलं नव्हतं.

नि. मागे येऊन उभा राहिला. "यू डोन्ट हॅव टु डू धिस. नॉट फॉर अ गन." मी म्हटलं, बंदुकीसाठी नाही करत. मग कशासाठी, ते त्याने विचारलं नाही. मलाही लगेच सांगता आलं नसतं.

'हो' लिहिलं.

५ ऑक्टोबर, रविवार

अशोक विजयादशमीचा कार्यक्रम. एडिसनचा हॉल, नेहमीचीच मंडळी, मुलं मागे फोनवर. वंदनेला उभी राहिले. पाणातिपाता वेरमणी, जीवहिंसेपासून दूर राहीन, म्हणताना आवाज जरा खालीच गेला.

अर्जावर दोन ओळखीची माणसं लागतात. ऑफिसातल्या एकीने लगेच हो म्हटलं होतं. दुसरं तुझं नाव देऊ का, असं माझ्या मैत्रिणीला, वैशालीला, जेवणाच्या रांगेत विचारलं. तिच्या हातात वरणाचा डाव तसाच राहिला.

"तू बंदूक घेणार? आज? अशोकानं शस्त्र टाकलं त्या दिवशी विचारतेयस?"

"सासऱ्यांची आहे गं."

"असू दे ना. विचार करून सांगते यार."

संध्याकाळी बाबांना फोन. आज तरतरीत होते. वैशालीचं बोलणं सांगितलं. रागावतील वाटलं होतं, हसले. मग जे बोलले ते आठवेल तसं लिहून ठेवते.

"माझ्या बापाच्या पोटरीत गावच्या जमीनदाराच्या, त्या मालगुजाराच्या, बंदुकीचे छर्रे होते. कातडीखाली. लहानपणी मी बोटानं चाचपायचो. शिकारीला हाका घालायला, जनावर उठवायला, आमच्याच वस्तीतली माणसं न्यायचे. बार डुकराला लागला नाही, बापाला लागला. मालगुजार म्हणाला, मधात काऊन आला?"

मग अमेरिकेतलं सांगू लागले.

"इथं आलो. कारखान्यातला वॉल्टर एका दुकानात घेऊन गेला. दुकानदारानं बंदूक काढून माझ्या हातात ठेवली. नाव विचारलं, गाव विचारलं. बस. जात नाही विचारली. त्या दिवशी घेतली. जीव एकही नाही घेतला, नुसत्या ताटल्या फोडल्या. तुझ्या मैत्रिणीला सांग, अशोकाच्या हातात तलवार होती म्हणून त्याला खाली ठेवता आली. ज्याच्या हातात कधी येऊच दिली नाही, त्यानं काय खाली ठेवायचं?"

वैशालीला मेसेज करून हे सांगितलं नाही. वाद जिंकायला वापरावं असं ते नाही.

८ ऑक्टोबर, बुधवार

वैशालीचा फोन. "दे माझं नाव. पण घरी आणल्यावर मला दाखवू नकोस."

२१ ऑक्टोबर, मंगळवार

पोलीस स्टेशनातून बोलावणं. ऑफिसर सभ्य होता. 'हो' का लिहिलं ते त्याला सांगितलं. त्याने मान खाली घालून ऐकलं, आय ॲम सॉरी म्हणाला, आणि डॉक्टरचं पत्र लागेल म्हणाला. त्या डॉक्टरीणबाई आता दुसरीकडे गेल्यात. म्हणजे अजून उशीर.

मला घाई बाबांची आहे, आणि वाट माझ्यामुळे बघायला लागतेय.

२ नोव्हेंबर, रविवार

बाबा 'मला' म्हणायचे ते आता 'मले' म्हणतात. 'तुले'. पन्नास वर्षं इथे राहून, पुण्या-मुंबईच्या लोकांत वावरून जी बोली आवरून ठेवली होती ती परत येतेय. ऐकायला गोड लागतं, आणि ऐकू नयेसंही वाटतं.

"कार्ड आलं का तुले?" हे मात्र न चुकता विचारतात. गेल्या रविवारी एकाच फोनमध्ये तीनदा.

१९ नोव्हेंबर, बुधवार

कार्ड आलं. फोटो चोरासारखा. नि.ने हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. "ओके," म्हणाला. मग स्वतःच सांगितलं की इथल्या क्लबवर भाड्याने लॉकर मिळतो, त्याने चौकशी केलीय. घरात आणायची गरज नाही.

कधी केली चौकशी? बोलला नाही मला.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार. डब्लिन

सकाळी बाबांनी स्वतः दाढी केली. कोट घातला. जणू कुणाचं लग्न. बंदुका खोळीत घालून, गाडीत मागे आडव्या ठेवून नि.ने गाडी चालवली. बाबा पुढे.

दुकान क्लबला लागूनच. मालकीण शेरिल बाबांना वीसेक वर्षं ओळखते. मिठी मारली. कागद तयार होते, जर्सीच्या दुकानदाराचा पत्ता, माझं नाव, सगळं. बाबांनी खोळ उघडून दुनळी काउंटरवर ठेवली, नळीवरून हात फिरवला.

शेरिलने नेहमीच्या पद्धतीने विचारलं, "सो हू इज द लकी पर्सन?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. नीट बघितलं, हसले. "कुसुम," म्हणाले. "माय वाइफ."

शेरिल सासूबाईंच्या अंत्यविधीला आली होती. तिने पेन खाली ठेवलं. नि. शोकेसमधल्या दुर्बिणींकडे बघत राहिला. बाबांना काही चुकलंय हे कळलं नव्हतं. ते खूश होते.

"बाबा, मी कोण?" मी मराठीत विचारलं. विचारायला नको होतं.

त्यांचा चेहरा हळूहळू गोंधळला. "असं काऊन विचारतेस?" म्हणाले. आवाज बारीक.

शेरिल मला हळूच म्हणाली, "हनी, पेपर्स आर फाइन. इट्स युवर कॉल."

मी म्हटलं, आज नको. बंदुका तिच्याकडे कुलपात राहतील, तिच्या रेकॉर्डवर चढल्या. पाठवायच्या तेव्हा सांगू. घरातून तर गेल्या. ज्यासाठी हे सुरू झालं होतं, ते झालं.

गाडीत बाबांना झोप लागली. नि. म्हणाला, "यू हॅड द कार्ड. यू हॅड एव्हरीथिंग. वाय डिड यू स्टॉप?"

"त्यांनी मला नाही दिल्या. तुझ्या आईला दिल्या."



२९ नोव्हेंबर, शनिवार

बाबा सकाळी बेसमेंटमध्ये. रिकामं कपाट उघडून उभे. "चोरी झाली," म्हणाले. नि.ने त्यांना खुर्चीवर बसवलं, स्वतः जमिनीवर बसला आणि कालचं सगळं परत सांगितलं, त्याच्या मोडक्या मराठीत. "शेरिलकडे आहे, डॅड. सेफ आहे." बाबांनी त्याचा खांदा धरला. 

मी जिन्यावरूनच परत फिरले.

६ डिसेंबर, शनिवार. जर्सी सिटी

गजभिये काकू रोज डबा देतायत. वसंतात बाबांना इकडे आणायचं ठरतंय. नि. दोन बेडरूमचं घर बघतोय. बाबा म्हणतात, मी कुठं येत नाही. कधी म्हणतात, कधी निघायचं?

बंदुकांबद्दल त्यानंतर एक शब्द नाही. मी काढला नाही. त्यांनीही नाही. विसरले की ठरवून बोलत नाहीत, कसं कळणार? माझ्या पर्समध्ये कार्ड तसंच आहे.

विचार करत राहते. सप्टेंबरमध्ये किल्ली ताटाशेजारी ठेवली तेव्हा ते पूर्ण शुद्धीत होते. तेव्हाच दिलं होतं ना? मग काउंटरवर परत विचारायचा हट्ट कुणाचा, कायद्याचा की माझा? कायद्याला तर सही पुरली असती.

१३ डिसेंबर, शनिवार

दुपारी शेरिलचा फोन. घाबरूनच उचलला.

आज बाबा दुकानात आले होते. गजभिये काकांनी सोडलं, ते पलीकडे वाणसामान आणायला गेले. बाबांनी दुनळी मागितली. शेरिलने काडतुसं नाहीत ना ते दोनदा बघून काढून दिली. बाबा स्टुलावर बसले, नळ्यांतून फडकं फिरवलं, दस्त्याला तेल लावलं, परत तिच्या हातात दिली.  

काका घ्यायला आले तेव्हा जॅकेटची चेन लावता लावता बाबा म्हणाले, "टेल हर शी इज टू लेट. शी वेट्स. ताटली खाली यायला लागते, तेव्हा चाप ओढते." ताटलीचं त्यांनी मराठीतच सांगितलं असणार, शेरिलने हातवारे बघून अर्थ लावला. तिने विचारलं, "टेल हू?"

"माय गर्ल," म्हणाले, आणि निघून गेले.

शेरिल म्हणाली, "आय डोन्ट नो, हनी. इज दॅट गुड इनफ फॉर यू? से द वर्ड अँड आय शिप मंडे."

नि.ला सांगितलं. तो भांडी घासत होता. नळ बंद केला. "मॉमने कधी गन हातात पण घेतली नाही. दॅट्स यू." थोड्या वेळाने परत, "दॅट्स यू. टेल हर टु शिप." सप्टेंबरमध्ये नको म्हणणारा तो, आणि आज त्याचे डोळे भरलेले.

ती मीच, हे मलाही पटतंय. पण ओळखलं म्हणजे दिलं का? की बाबा नुसते नेम सुधारून गेले?

उद्या सकाळी त्यांना फोन करणार. सकाळी बरे असतात. सरळ विचारायचं, की आपणहून काही बोलतायत का ते ऐकत बसायचं, अजून ठरलेलं नाही. सोमवारी शेरिलला उत्तर द्यायचंय.

बाबा बरोबर सांगतात. मी चाप उशिराच ओढते. ताटली अगदी स्वच्छ दिसेपर्यंत थांबते, आणि तोवर ती खाली यायला लागलेली असते.