एकावर एक दोन मुठी

बाबा,

तुम्हाला अक्षर अक्षर लावून वाचावं लागायचं, म्हणून मुंबईहून पत्रं लिहिताना मी अक्षर मोठं काढायची. आजही हात तसाच चालतो आहे. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज मला आता धड आठवत नाही. हात मात्र आठवतात. नखांत कोंडा बसलेला, उजव्या अंगठ्याचं टोक मिलच्या पट्ट्यात गेलेलं. त्या हातांबद्दलच लिहायचं आहे.

आई गेली तेव्हा मी दहा वर्षांची होते आणि धाकटी वर्षाची. मावशीनं मला शाळेसाठी नागपूरला नेलं, धाकटी तुमच्याकडे राहिली. तिला ऐकू येत नाही हे कळल्यावर शेजारच्या बायका हळहळल्या. तुम्ही तिला उचललंत, वडशाच्या राईस मिलमध्ये नेलंत आणि पोत्यांच्या थप्पीवर बसवलंत. मशीन चालू असली की तिथे शेजारच्याचं बोलणं शेजारच्याला ऐकू येत नसे, म्हणून तुम्ही सगळे गडी हातांनीच बोलायचात. पोतं लाव, धार कमी कर, चहा आला, मालक आला. धाकटीला ती भाषा आयती मिळाली. मालक फाटकात दिसला की पहिली खूण तीच करायची, हे तुम्ही मला किती कौतुकानं सांगायचात! सुट्टीत मी घरी यायची तेव्हा तुम्ही दोघं चुलीपाशी तसेच बोलत असायचात, मध्येच हसायचात, आणि मी आपली पाहुणीसारखी ताट घेऊन बसलेली. मला तो सगळा पोरखेळ वाटायचा. खरं म्हणजे मला हेवा वाटायचा.

आणि दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेतलं नाटक. तुम्ही नाटक पाहून आलात की दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी अंगणात पाट टाकून बसायची. मग तुम्ही तिला अख्खं नाटक हातांनी करून दाखवायचात. मिशीला पीळ दिला की राजा, दुपट्टा डोक्यावर घेतला की सासू. खलनायक मरायचा तेव्हा तुम्ही खरोखरच शेणानं सारवलेल्या अंगणात पडायचात, आणि धाकटी घशातून तो विचित्र आवाज काढत हसायची. एकदा तिनं तुम्हाला तीनदा मरायला लावलं होतं.

नागपूरला मी बी.ए. झाले आणि बहिऱ्या मुलांना शिकवायचं शिक्षण घ्यायला मुंबईला गेले. आपला चांदा जिल्हा नुकताच मुंबईच्या राज्यात आला होता आणि मला वाटत होतं, आता सगळंच नवं होणार. आम्हाला शिकवायचे की मुलाला बोलकं करायचं असेल तर खुणा आधी बंद करा. हातांची सवय लागली की जीभ आळशी होते. पालकांना सल्ला कसा द्यावा याचाही एक विषय होता. एका घराला सल्ला देऊन त्याची हकीकत लिहून आणायची होती. मी आपलंच घर निवडलं.

दिवाळीच्या सुट्टीत तुम्हाला समोर बसवून मी सगळं समजावून सांगितलं. तुम्ही मान तिरकी करून माझ्या तोंडाकडे बघत होतात. मग म्हणालात, "तू शिकली हायेस बाई, तुले समजते. पण मंग हे पोरगी माह्यासंग कशी बोलन?"

"तोंडानं बोलेल, बाबा. तुम्ही हात थांबवलेत तरच बोलेल."

"आन् नाई बोल्ली त?"

मी चिडले. म्हटलं, तिला जन्मभर मुकी ठेवायची आहे का तुम्हाला? तुम्ही धाकटीकडे वळलात, एका मुठीवर दुसरी मूठ ठेवलीत, आणि दोन्ही हात घोंगड्याखाली घेतलेत. तिनं तुमच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्या खुणेचा अर्थ मी विचारला नाही. शेवटची म्हणून सोडून दिली.

मंडई झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी नेहमीसारखी पाट टाकून बसली आहे. तुम्ही समोर बसला आहात, हात मांड्यांखाली दाबलेले, आणि मी सांगितलं तसं तोंड मोठं करून एकेक शब्द बोलता आहात. रा-जा. रा-णी. ती तुमच्या ओठांकडे बघते, मग मांड्यांकडे. पुढे सरकून ती तुमचा एक हात ओढून बाहेर काढते. तुम्ही माझ्याकडे पाहता. मी मान हलवून नाही म्हणते. तुम्ही हात परत आत घेता. बारा वर्षांची पोर पाट उचलून आत गेली, तो पाट पुन्हा अंगणात आला नाही.

सुट्टी संपेपर्यंत माझ्या गळ्याला हात लावून लावून ती "बाबा" म्हणायला शिकली. तिला मी तुमच्यासमोर उभी केली. ती म्हणाली. तुम्ही हसून म्हणालात, "हो हो, बोल्ली." माझ्या हकीकतीत मी लिहिलं, "पालकांचं सहकार्य उत्तम." फार चांगले गुण मिळाले. पुढच्या उन्हाळ्यात, माझ्या परीक्षेच्या आधी, तुम्ही गेलात. त्या घरात तुम्ही दोघं ते सहा महिने कसे काढलेत, हे मला कोणीच सांगितलं नाही.

धाकटी तेव्हापासून माझ्याकडे आहे. तिला बोलता येणारे शब्द सात-आठच झाले. मी बहिऱ्यांच्या शाळेत नोकरी केली. पुढे शाळांमध्ये खुणांची भाषा परत आली, मीही वर्गात हात हलवू लागले, पण घरी आम्हा दोघींचं जेव, चल, झोप यापलीकडे कधी गेलं नाही. आता निवृत्त होऊन वडशालाच परत आलो आहोत. एवढ्या वर्षांत ती मधूनमधून माझ्यासमोर उभी राहायची, मुठीवर मूठ ठेवायची आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत थांबायची. मला अर्थ ठाऊक नव्हता. समजल्यासारखी मी हो म्हणून मान हलवायची. ती निघून जायची.

गेल्या आठवड्यात तुमचे मिलमधले एक सोबती नातवाच्या लग्नाची पत्रिका द्यायला आले. खूप थकलेत. त्यांच्याशी ओरडून बोलावं लागतं. म्हणाले, "मिलनं आमा साऱ्यायचेच कान खाल्ले, बाई. तुमच्या बाबाले त शेवटी काईच आयकू येत नव्हतं." बहिऱ्यांचं शास्त्र शिकून आलेल्या मला घरातला दुसरा बहिरा दिसला नव्हता. तुम्ही माझ्या तोंडाकडे का बघत होतात ते मला तेव्हा कळलं. तिचं "बाबा" तुम्हाला ऐकूच गेलं नसणार.

तेवढ्यात धाकटी पाणी घेऊन आली. तांब्या ठेवला, माझ्याकडे वळून मुठीवर मूठ ठेवली. मी सवयीनं मान हलवली.

"काय बंद पडलं?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"तिनं विचारलं नाई का, मशीन बंदच हाये का म्हून? पट्टा उतरला का आमी अशीच खूण करत होतो. मशीन बंद, आता हात आवरून बसा. तुमी हो म्हणून राह्यल्या, म्हून विचारलं."

बाबा, तुम्ही तिला सांगितलं होतं की मशीन बंद आहे, म्हणजे कधीतरी सुरू होईल. ती इतकी वर्षं मला तेवढंच विचारत होती. आणि मी दर वेळी हो, बंदच आहे, असं सांगत आले.

त्यानंतर तिनं ती खूण केलेली नाही. मी रोज सकाळी अंगणात तिच्याजवळ बसते आणि वाट बघते. हे पत्र त्या हकीकतीच्या वहीत ठेवून देणार आहे, दुसरं कुठे पाठवणार? फक्त एक सांगायचं राहिलं. मशीन सुरू झाल्याची खूण कोणती, ते मी तुमच्या त्या सोबत्यांना विचारलं नाही. ते फाटकापर्यंत जाईतो शब्द माझ्या तोंडात होता. पण त्यांनी ती हातांनीच करून दाखवली असती, धाकटी बाजूला उभी होती, आणि मला ती खूण येत नाही हे तिच्यादेखत कबूल करायची मला लाज वाटली.