म्हणे, नुसती जाड झालीय!

प्रिय हट्टीबाई,

तुझा फोन लागत नाही, म्हणजे तू उचलत नाहीस, म्हणून लिहायला बसले. आई रागावलीय असं तू धरूनच चाललीयस. आधी वाच, मग काय ते रुसून बस.

काल मामाने घर डोक्यावर घेतलं. बंदरावर जनावरं तपासणारी डॉक्टर सख्खी भाची, म्हणून स्वारी बाहेरदेशातून कुत्री घेऊन ऐटीत बोटीतून उतरली आणि तू कुत्रीच्या पोटावरून हात फिरवून तिला तिथेच अडवलंस. म्हणे, ती नुसती जाड झालीय, लाड फार झालेत! अगं, याच माणसाने निघायच्या आधी फोनवर पिल्लं वाटून टाकली होती. एक शेजाऱ्यांना, एक व्याह्यांना, काळं निघेल ते मला. बाजारात तुरी, दुसरं काय! मी फोन नेहमी स्पीकरवर ठेवते आणि तेव्हा तू इथेच भाजी निवडत बसली होतीस, हे त्याच्या गावीही नाही. माझ्या भावाला धड खोटंही बोलता येत नाही.

दिवस भरत आलेली कुत्री देशात आणायची नाही, कोवळी पिल्लंही नाहीत, हा नियम मला त्याच्याच आरडाओरड्यातून कळला. कुणा शहाण्या बाईनेच केला असणार. तुझ्या वेळी शेवटच्या महिन्यात मी दिवसभर बसमध्ये हेलकावे खाल्लेत, मला विचार.

मग आवाज खाली आणून त्यानेच सांगितलं, की ती तुमच्या तिथल्या खोलीत व्याली, एक पिल्लू अडलं होतं, ते तू सोडवलंस. घरी येताना गाडीत असती तर मायलेकरं दोन्ही गेली असती. हे कबूल करून पुन्हा चढला. चारचौघांत माझी शोभा केली, आधी तिला माफी मागू दे, नाहीतर आजोबांच्या वाढदिवसाला मी येत नाही!

मी म्हटलं, “ती माफी मागणार नाही. मागितली तर मीच तिला घरात घेणार नाही.”

आणि तू बाबांना कळवतेस, की मामा आईचा एकुलता एक भाऊ, त्याला येऊ दे, मी येत नाही. भाऊ एकच आहे, खरंय. पण लेकही एकच आहे, आणि तिचा मला इतका अभिमान वाटतो की काल भांडतानाही मला हसू येत होतं. तो आला तर आनंदच आहे. नाही आला तर त्याच्यावाचून वाढदिवस करू. तुझ्यावाचून करणार नाही. ये.

तुझीच, तुझ्याहून हट्टी,
आई