अंगणातल्या तीन बोटी

प्रिय दादा,

तर मी काय म्हणून राह्यली होती, का घ्यायचीच तर एकोणीसची घ्यायची, अन् तेवढ्यात फोन कट झाला. तुले माहीत हाय, आपल्या घरी नेटवर्क फक्त ओट्यावर येते अन् ओट्यावर बाबा बसून राह्यते. तुझा फोन आला हे समजलं का ते पेपरमध्ये असं डोकं घालते जशी उद्या परीक्षाच हाय. तुझ्याशी बोलायचं नाई, पण उठून आतही जायचं नाई. अडीच वर्षं झाली, असंच चालू हाय. म्हणून म्हटलं, बोटीचं पूर्ण मॅटर पत्रातच लिहून टाकू. मी इंग्लिश मीडियमची, जशी बोलते तशीच लिहिते, चुका काढत बसू नको.

हो, बोट. खरीखुरी, इंजिनवाली, घरची. तू गेलता तेव्हा धरण अर्धंच भरत होतं. आता पाणी पार जुन्या आंब्यापर्यंत येते. आपण या काठावर, अन् कांता आत्या अन् आपलं चार एकर त्या काठावर. ओट्यावरून आत्याच्या घराचा निळा पत्रा दिसते, पण जायचं म्हटलं का पुलावरून फिरून पस्तीस किलोमीटर. मच्छीवाल्यांचा डोंगा त्यांच्या मर्जीनं येते, अन् आत्याच्या गुडघ्यांनी डोंग्यात चढायले कधीचं नाई म्हटलं. पहिले बाबा रोज संध्याकाळी बहिणीच्या हातचा चहा पेत होते, आता महिन्यातून एकदा भेट झाली तर झाली. तर मागच्या महिन्यात जेवता जेवता बाबा म्हणाले, बोट घेऊ. आई म्हणे, आधी मिक्सर रिपेअर करा.

मी दुसऱ्याच दिवशी व्हिडिओ पाहायले बसली. नागपूरकडे एक बोटिंग क्लब बंद होऊन राह्यला, त्यांच्याकडे एकाच कंपनीच्या तीन बोटी विकायले हायेत. दोन हजार चौदाची, सतराची अन् एकोणीसची. बाहेरून तिघी सख्ख्या बहिणी. फायबरची बॉडी तीच, लांबी तीच साडेपंधरा फूट. पण आतून कंपनीनं दर वेळी काहीतरी बदलवलं. चौदाचीले टू-स्ट्रोक इंजिन, म्हणजे जुन्या मोपेडसारखं पेट्रोलमध्ये ऑइल मिसळवा अन् धूर खा. मागे बसून दांड्यानं वळवायची. आडवे लाकडी बाक, सहा माणसं आरामात. सतराचीले फोर-स्ट्रोक आलं, धूर गेला, पण मधल्या बाकावर सामानाची पेटी बसवून टाकली, तर माणसं पाच. अन् एकोणीसची तर हिरोइन हाय! कारसारखं स्टिअरिंग, बटन स्टार्ट, गादीच्या खुर्च्या. फक्त खुर्च्या चारच. मी लॅपटॉपवर टेबल बनवलं, इंजिन किती तास चाललं, पार्ट्स कुठी भेटते, पेट्रोल किती पेते, सगळ्याले मार्क दिले. एकोणीसची फर्स्ट क्लास, चौदाची नापास. आपण किती? आई, बाबा, मी अन् आत्या. चार. माझ्यासाठी विषय तिथीच संपला.

पाहायले गेलो तर बाबानं सोबत कैलासभाऊले घेतलं, तोच आपला ट्रॅक्टर मिस्त्री. त्याचं म्हणणं, इंजिन म्हणजे इंजिन, थे जमिनीवर चालो का पाण्यात. शेडमध्ये बोटी ठोकळ्यांवर ठेवलेल्या. कैलासभाऊनं कोणाले न विचारता एकोणीसचीचं बटन दाबून देलं. काय गरजली ते बोट! क्लबवाला तिकडून चप्पल सोडून पळत आला, अरे बंद करा, पाण्यातच ठंडं होते थे, कोरडं चालवलं तर जळून जाईन! कैलासभाऊ म्हणे, मंग मी ट्रॅक्टर का विहिरीत उतरवून चालू करतो का? मंग पाण्याचा ड्रम आणला, इंजिनाचा पंखा त्यात बुडवला अन् तीनही इंजिनं एकेक करून चालवली. मी फोनवर रेकॉर्डिंग करून राह्यली, अन् बाबा? बाबानं इंजिनाकडे पाह्यलंच नाई. ते चौदाचीत चढले अन् बाक मोजत बसले, हातानं, वीत वीत करून. मी म्हटलं, बाबा, हे तर नापास हाय. ते म्हणे, तू तुझं काम कर.

येताना केळझरले थांबलो. कैलासभाऊ गणपतीले जाऊन येतो म्हणून गेला, अन् मी अन् बाबा चहा घेत बसलो. तुले एक गोष्ट सांगू? तुम्ही दोघं एकमेकांशी बोलत नाई, त्यामुळे मधातली मीच. मले वाटत होतं, काजल वहिनी नाचणगावच्या पाटलांची, आपण विहारातले, म्हणून बाबा रागावले. तुलेही तसंच वाटलं असन, म्हणूनच तू कोर्टात सही करून मंग कळवलं ना? तर चहा ठंडा होऊन राह्यला होता अन् बाबा कपाकडे पाहून म्हणाले, मी दर चौदा एप्रिलले स्टेजवर उभा राहून आंतरजातीय लग्नावर बोलतो. बारा वर्षं झाली. सगळा गाव टाळ्या वाजवते. अन् माह्या स्वतःच्या पोराले वाटलं, का बाप खोटं बोलते. एवढंच. मंग कैलासभाऊ प्रसाद घेऊन आला, बाबानं दोन्ही हात पुढं करून घेतला अन् म्हणे, चल, उशीर होते. मी पूर्ण रस्ता खिडकीतून बाहेर पाहत होती.

आता खरी गंमत ऐक. दुसऱ्या दिवशी सकाळी उठली तर बाबा अंगणात चुन्याची थैली घेऊन वाकलेले. घर बांधायच्या आधी जसं चुना टाकून पाहते ना, हा हॉल, हे किचन, तशा तीन बोटी काढल्या होत्या, फूल साइज, एकीच्या बाजूले एक. बाक मोजलेले, खुर्च्या मोजलेल्या, समोर टोक, मागे इंजिनाचा चौकोन. म्हणे, तुझ्या लॅपटॉपात बसता येत नाई, यात येते. आईले हाक मारली, ये, बस. आई पदर खोचून एकोणीसचीत बसली अन् म्हणे, यात माही मांडी मावत नाई. अर्ध्या तासात पूर्ण मोहल्ला जमा. शेजारची वच्छलाबाई आली, माझ्या टेबलातला एक मार्क न पाहता सरळ चौदाचीत शिरली अन् ओरडली, चला हो बाबाराव, सोडा गाडी, मले आर्वीले उतरवजा! पोरं इंजिनाच्या चौकोनात उभी राहून भुर्रर करून राह्यली. आपली कोंबडी सतराचीतून आडवी गेली तर बाबा तिच्यावर चिडले, अन् गेलेली लाइन पुन्हा ओढली.

मी पण मागे हटली नाई. म्हटलं, ठीक हाय, एकोणीसची लहान पडते ना, मंग सतराची घेऊ, मधातला रस्ता. धूर नाई, पेट्रोल कमी, अन् चार माणसांवर एक सीट जास्तच. बाबा म्हणे, एकानं काय होते? दोन पाह्यजे. मी विचारलं, दोन कायले? बाबा आत गेले, दोन पाट आणले, अन् चौदाचीच्या मधल्या बाकावर बाजू-बाजूले ठेवले. स्वतः मागे दांड्याजवळ बसले, आईले समोर बसवलं, आत्याच्या जागी तिची काठी ठेवली, जे ती मागच्या वेळी विसरून गेलती. तेवढ्यात वच्छलाबाई थकून त्या पाटावर टेकाले गेली. बाबा एकदम म्हणे, तिथी नको बसू बाई, थे भरलेलं हाय. ती इकडे तिकडे पाहून म्हणे, कोणानं भरलं? आई उठून झाडू घेऊन उगाच कोपरा झाडायले लागली. बाबानं दांडा धरल्यासारखी मूठ केली होती, ते तशीच धरून बसले. मी मले धरून सहा मोजले. पुन्हा मोजले.

आता शेवटचं. मी वर लिहिलं ना, नेटवर्कमुळे पत्र लिहून राह्यली? ते अर्धंच खरं. त्या दिवसापासून बाबा रोज सकाळी चौदाचीच्या लाइनी ताज्या करते, बाकी दोन्ही पुसल्या गेल्या. अन् आज दुपारी माझ्यासमोर हा कागद ठेवला अन् म्हणे, त्याले इंजिनातलं आपल्यापेक्षा जास्त समजते, विचार त्याले कोणतं मॉडेल. तुझं नाव नाई घेतलं. पण अडीच वर्षांत पहिल्यांदा तुले काही विचारायले लावलं, अन् ते पण सल्ला. क्लबवाल्याले पंधरा तारखेच्या आत हो का नाई सांगायचं हाय, नाई तर चौदाची दुसऱ्याले जाते. धूर करते, आवाज करते, माझ्या टेबलात नापास हाय. पण सहा सीट तिच्यातच हायेत, अन् त्यातल्या दोन तुझ्या उत्तराशिवाय भरल्या का रिकाम्या ते कोणीच सांगू शकत नाई. वहिनीले बसव बाजूले, हे पत्र वाचून दाखव, अन् मंग दोघं मिळून सांगजा. जुनी हाय, पण घ्यायची का दादा, चौदाचीच? तुले काय वाटते?

फर्स्ट क्लासवालीले हरवून बसलेली,
तुझीच,
मोनाली