मागच्या मार्चवर

३ जून
मिळाली बाई एकदाची नोकरी! फोटो स्टुडिओ लहानसाच, पण उजेड सुरेख. मालक काका फोटो काढतात, ताई कॉम्प्युटरवर त्यातले डाग, सुरकुत्या घालवतात. टेबलाशेजारी पाळणा, त्यात ताईंची चार महिन्यांची लेक. सगळे तिला ठमी म्हणतात. ताई हाताने माउस चालवतात आणि पायाने पाळण्याची दोरी ओढतात. ठमी बोळकं पसरून हसली की कामं खोळंबतात. भिंतीवर मोठा फोटोही तिचाच. काकांनी विचारलं, कॉम्प्युटर येतो ना? मी म्हटलं, त्यात काय, हातचा मळ! जीभ जरा जास्तच चालते माझी.

७ जून
माती खाल्ली. कुणाला न विचारता फुकटातला एक प्रोग्रॅम टाकला आणि कॉम्प्युटर ठप्प. काका बाहेर, ताई ठमीला घेऊन जेवायला घरी. मग आठवलं, कॉम्प्युटर नीट चालत होता अशा मागच्या तारखेवर नेता येतो. तारीख एकच होती, गेल्या वर्षीच्या मार्चातली. तुमच्या फाइल्सना धक्का लागणार नाही, असं स्क्रीनवर आलं. त्यानंतरचं काय काय जाईल ते बघायचंही बटण होतं. कोण वाचत बसतंय! दिलं ‘हो’ दाबून. झाला चालू.
ताई एकट्याच परतल्या. ठमी कुठेय विचारलं, तर म्हणाल्या, कोण ठमी? पाळणाही दिसला नाही. थट्टा करत असतील.

८ जून
थट्टा नाही. काकांनाही ठमी माहीत नाही. त्या मार्चात ताईंना दिवससुद्धा गेले नव्हते. फोटो मात्र भिंतीवर तसाच, फाइल्सना धक्का नाही ना! तो पुसताना ताई म्हणाल्या, किती गोड पोर, कुणाचं गं? फोटो न्यायला कसं कुणी आलं नाही? त्यांच्या ब्लाउजवर दुधाचा ओला डाग होता. पाणी सांडलं असेल म्हणाल्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

११ जून
केलेलं उलटं फिरवायची सोय कॉम्प्युटरवर आहे. पण त्यावरचं माझं खातंच उडालंय, काकांचा पासवर्ड लागेल. म्हणजे सगळं सांगणं आलं. तोंड उघडलं आणि चहा हवा का, असं विचारून मोकळी झाले. नोकरी जाईल, हसं होईल म्हणून! एक लेकरू गेलंय आणि मला हे सुचतंय. थू माझ्यावर. उद्या नक्की.

१२ जून
आजही नाही. ताईंचा पाय दिवसभर दोरी ओढत होता. दोरी नाही, पाळणा नाही, पाय मात्र—
काकांनी दोनदा माझं नाव विचारलं.

१४ जून
सांगितलं. रडत रडत, सगळं. काकांनी ऐकून घेतलं, मग अदबीने विचारलं, आपण कोण? फोटो काढायचाय का?
मीही मार्चनंतरचीच—

१५ जून
गिऱ्हाईक म्हणून गेले. ताईंनी फोटो दाखवून विचारलं, तुमची का हो ही? मी म्हणणार होते— काय म्हणणार होते? ताईंनी फोटो उतरवून हातात दिला, घेऊन जा म्हणाल्या.
समोर ठेवलाय. बोळकं पसरून हसतेय. वरचं वाचते, अक्षर माझंच, पण— एवढी लाज का वाटतेय मला? काय केलं मी? कुणाची ही? हिला सगळे ठ