अर्धी रिकामी सभा

आदरणीय शेदलियाताईस,

मुकदादचा सलाम. तुझं डोकं आता कसं आहे? (हे मी आयुष्यात प्रथमच विचारतो आहे, ठाऊक आहे.) तीन गल्ल्यांवर राहून पत्र लिहितो, कारण सभेपासून तू दार उघडत नाहीस. दाराचं काही चुकत नाही.

तू बजावलं होतंस, वेळेवर जेव, वेळेवर झोप, इथल्या बाकी पुरुषांसारखा कानामागे जाईचा तुरा खोचू नकोस, त्या वासाने आपल्या घराण्याची डोकी उठतात. आणि, "मुकदाद, डोळ्यांपुढे चमकलं की गोळी घे, भाषण नको." अर्धशिशी हा रिकामटेकड्यांचा आजार आहे, असं मी तुझीच कॉफी पिऊन तुलाच सुनावलं होतं. पेठेतलं बंद होऊ घातलेलं प्रसूतिगृह वाचवायच्या सभेला गेलो तो जागरण करून, पोटात नुसती कॉफी, कानांमागे दोन तुरे (एक माझा, एक अध्यक्षांनी प्रेमाने खोचलेला). बोलायला उभा राहिलो आणि डावीकडे चांदीची करवत फिरू लागली. मला वाटलं, स्फूर्ती आली. मग डावीकडचं जग पुसलं गेलं, आणि ते पुसलं गेलंय हेही मला कळेना. उजवीकडे पुरुष दाटीवाटीने बसलेले. डावीकडची बायकांची बाजू ओस. रक्त उसळलं. ज्यांच्यासाठी ही लढाई त्याच घरात बसल्या, या पेठेतल्या बायकांना लाज नाही, वगैरे जे बोललो ते माझं आजवरचं सर्वोत्तम भाषण होतं, असं मला तेव्हा वाटलं. बाजू भरलेली होती म्हणे, आणि पहिल्या रांगेत तू, कपाळाला फडकं आवळून. तुम्ही सगळ्या उठून गेलात तो गलका मी दाद समजलो.

घरी उलट्या करून आडवा झालो तेव्हा तुझ्या भावजयीने, नजियाने हे सांगितलं. खिडक्या लावता लावता तिने विचारलं, "अर्धं डोकं दुखत होतं, की होतंच अर्धं?" मी, वक्ता, उशी तोंडावर ओढली. त्या बंद खोलीत तुझी बंद खोली आठवली, ताई. तिला मी ढोंग म्हणत आलो.

तुझा धाकटा,
मुकदाद

ता. क. : शुक्रवारच्या सभेला निर्णय घेणारे अधिकारी येणार. बायका नसतील तर प्रसूतिगृह गेलंच, आणि त्या फक्त तुझ्या शब्दावर येतील. भाषण तू कर. मी नुसतं प्रास्ताविक करीन, छोटंसं.

ता. क. : नजियाने वरची ओळ वाचली. प्रास्ताविक नाही. मी टोपली घेऊन दाराशी उभा राहीन आणि येणाऱ्या प्रत्येक पुरुषाच्या कानामागचा तुरा काढून घेईन. तुझं डोकं शाबूत राहायला हवं.